हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’मधील दीपप्रकाश : माध्यम, कर्तृत्व आणि आस्वाद

बीजशब्द : दीपप्रकाश, जलरंग, वास्तववादी चित्रशैली, मुंबई कलापरंपरा, चित्रकर्तृत्व

प्रस्तावना

रात्र आणि तिला छेदणारा अग्नी हा चित्रकलेतील एक जुना व अवघड विषय आहे. दिवसाचा प्रकाश सर्वांवर सारखा पडतो. त्यात चित्रकाराला निवड करण्याची फारशी सक्ती नसते. दिवा, मशाल, शेकोटी किंवा भट्टी यांचा प्रकाश मात्र काही दाखवतो आणि पुष्कळ काही लपवतो. म्हणून अशा चित्रात ‘काय रंगवले’ याइतकाच ‘काय अंधारात ठेवले’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मराठी चित्रकाराने रंगवलेल्या दीपप्रकाशाच्या चित्रांत सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र सर्वाधिक परिचित आहे. हातात दिवा घेतलेली ही स्त्री कॅलेंडरे, छापील प्रती आणि घरोघरच्या भिंती यांद्वारे दूरवर पोहोचली. तिच्या चित्रकाराचे नाव मात्र तितके पोहोचले नाही. हे चित्र राजा रविवर्मा यांचे आहे असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. हा समज केवळ माहितीच्या अभावातून निर्माण झालेला नसून चित्र पाहण्याच्या एका विशिष्ट सवयीतून निर्माण झालेला आहे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. विषय पाहायचा आणि प्रकाश पाहायचा नाही, ही ती सवय होय. चित्रातील प्रकाश व त्याचे माध्यम नीट पाहिले, तर चित्र स्वतःच आपल्या कर्त्याविषयी पुष्कळ काही सांगते.

अग्निप्रकाशाची युरोपीय परंपरा

हळदणकरांच्या चित्राकडे वळण्यापूर्वी या विषयाची परंपरा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) याने मेणबत्तीच्या प्रकाशातील प्रसंग रंगवण्यात असाधारण सिद्धी मिळवली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील त्याच्या ‘संत जोसेफ सुतार’ या चित्रात बाल येशूने मेणबत्ती धरली आहे आणि दुसरा हात ज्योतीच्या आड आणला आहे. ज्योतीचा उजेड त्या बोटांतून आरपार दिसतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जोसेफ राइट याने १७७२ मध्ये ‘लोखंडाची भट्टी’ रंगवली. तेथे तापलेले लोखंड हाच प्रकाशाचा उगम आहे आणि त्या उजेडात श्रम करणारा कारागीर व त्याचे कुटुंब दिसते. धार्मिक चित्रांतील पवित्र प्रकाशाची जागा येथे उद्योगाच्या प्रकाशाने घेतली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिनलंडमध्ये या प्रकाशाला आणखी एक अर्थ मिळाला. आक्सेली गालेन-काल्लेला (१८६५–१९३१) याने १८९३ मध्ये ‘साम्पोची घडण’ हे चित्र केले. फिनलंडचे लोकमहाकाव्य ‘कालेवाला’ यातील लोहार इल्मारिनेन भट्टीतून ‘साम्पो’ ही समृद्धी देणारी अद्‌भुत वस्तू घडवतो, हा त्याचा विषय. फिनलंड त्या काळी रशियन साम्राज्याचा भाग होता. १९१७ मध्ये तो स्वतंत्र झाला. त्यामुळे भट्टीपुढचा लोहार हा एका समाजाच्या आत्मनिर्मितीचे प्रतीक ठरला. ला तूरचा प्रकाश भक्तीचा, राइटचा प्रकाश उद्योगाचा आणि गालेन-काल्लेलाचा प्रकाश राष्ट्रभावनेचा, असे स्थूलमानाने म्हणता येईल. अग्नी तोच, त्याने कोणाचा चेहरा उजळावा, हे त्या त्या काळाने ठरवले.

भारतीय चित्रपरंपरेतील रात्र

दीपप्रकाशाचे चित्रण ही निव्वळ पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे मानणे योग्य नाही. जालना जिल्ह्याला लागून असलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत शरीराची गोलाई छटांच्या साहाय्याने दाखवलेली आहे. ‘विष्णुधर्मोत्तरपुराणा’तील चित्रसूत्रात या छटांकनाला ‘वर्तना’ अशी संज्ञा असून तिचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. तथापि ही वर्तना आकाराला उठाव देण्यासाठी आहे. एका विशिष्ट ठिकाणाहून येणारा प्रकाश आणि त्यामुळे पडणारी छाया दाखवणे, हा तिचा हेतू नाही. अजिंठ्याच्या आकृती जणू स्वतःच्याच तेजाने दिसतात.

मोगल लघुचित्रांत ही स्थिती पालटली. शाहजहानच्या काळातील पयाग या चित्रकाराने शेकोटी व दिव्यांच्या उजेडातील रात्रीचे प्रसंग रंगवले. युरोपीय मुद्राचित्रांचा परिचय त्यामागे होता. परंतु रात्रीची शांतता आणि अग्नीभोवती जमलेली माणसे यांची जाण येथील होती. म्हणजे प्रकाशाचा उगम चित्रातच ठेवण्याची कल्पना हळदणकरांच्या पूर्वी सुमारे तीनशे वर्षे या भूमीवर येऊन गेली होती. विसाव्या शतकातील मुंबईच्या चित्रकारांकडे मात्र ती लघुचित्रांच्या वाटेने आली नाही. ती कलाशाळेच्या वाटेने आली.

चित्रकार आणि त्याचा काळ

हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. मुंबईच्या सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे शिक्षण झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेचे प्राचार्यपद त्या काळात सेसिल बर्न्स यांच्याकडे होते. नमुन्यासमोर बसून अचूक रेखन करणे, छायाप्रकाशाचा अभ्यास करणे आणि इंग्लिश पद्धतीचे जलरंग हाताळणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. १९०८ मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था सुरू केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. चित्रकार आणि शिक्षक अशी दुहेरी भूमिका त्यांनी आयुष्यभर निभावली.

‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र सर्वसाधारणपणे १९४५-४६ या काळातील मानले जाते. चित्रासाठी चित्रकाराची कन्या उभी राहिली होती. दिवाळीच्या सुमारास तिच्या हातातील दिवा पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. आज हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील श्री जयचामराजेंद्र कलासंग्रहालयात आहे. चित्राच्या काळाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप उभा राहिला आणि कलाशाळेतील वास्तववादाला त्याने स्पष्ट नकार दिला. एका परंपरेचे हे लोकप्रिय चित्र आणि त्या परंपरेचा निषेध या दोन्ही घटना जवळजवळ एकाच वेळच्या आहेत. परिणामी पुढील समीक्षेने या चित्राकडे वळून पाहण्याची तसदी क्वचितच घेतली. सामान्य रसिकांनी ते डोक्यावर घेतले आणि अभ्यासकांनी ते कॅलेंडरकलेत जमा केले. दोघांनीही त्याचे विश्लेषण केले नाही.

चित्रातील प्रकाशयोजना

चित्रात एकच व्यक्ती आहे. साडी नेसलेली एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला दिलेला आहे. मागे भिंत आणि भिंतीवर तिची सावली. घरातील वस्तू, दार, खिडकी, देव्हारा यांपैकी काहीही दाखवलेले नाही. दिवेलागणीच्या वेळी वाऱ्यापासून वात जपत दिवा नेणारी स्त्री मराठी घरांत अनेक पिढ्यांनी पाहिलेली आहे. या ओळखीच्या दृश्यातून प्रसंगाचे सर्व तपशील वगळणे, हा चित्रकाराचा पहिला निर्णय होय.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. आडोशाच्या हातामुळे ज्योत पाहणाऱ्यापासून झाकली जाते. तिचे अस्तित्व कळते ते तिच्या परिणामांवरून : उजळलेल्या चेहऱ्यावरून, बोटांच्या कडांतून झिरपणाऱ्या तांबूस उजेडावरून आणि भिंतीवरील सावलीवरून. हा तांबूसपणा कल्पित नाही. हाताच्या पातळ भागातून तीव्र प्रकाश जातो तेव्हा रक्त व ऊती त्यातील निळा-हिरवा भाग अधिक शोषतात आणि तांबडा भाग पार होतो. तसेच बिंदुवत्‌ स्रोतापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता एक चतुर्थांश होते. म्हणूनच ज्योतीजवळचा चेहरा उजळ, खांद्यावरची साडी मंद आणि पायांकडील घड्या जवळजवळ विझलेल्या, असा क्रम दिसतो. पदार्थविज्ञानाचा हा नियम चित्रकाराने सूत्र म्हणून वापरला नसेल. निरीक्षणाने तो त्याच्या हाती आला आहे.

ला तूरच्या बालकाचा हात आणि हळदणकरांच्या स्त्रीचा हात यांतील साम्य लक्षणीय आहे. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असा दावा येथे करावयाचा नाही. वारा आणि ज्योत जगात सर्वत्र सारखीच वागतात. फरक मात्र नोंदवला पाहिजे. ला तूरच्या चित्रात उजेड दोन व्यक्तींना जोडतो : मुलगा प्रकाश धरतो आणि वृद्ध सुतार काम करतो. हळदणकरांची स्त्री एकटी आहे. तिच्या दिव्याचा उजेड तिच्याच चेहऱ्यावर परततो. ती दिवा कोणासाठी नेत आहे, हे चित्र सांगत नाही. ‘आशेची प्रभा’ हे शीर्षक त्या मौनाला एक उत्तर पुरवते. लोकांनी मात्र चित्राला ‘दिवा घेतलेली स्त्री’ हेच साधे नाव दिले. चित्रात जे दिसते तेवढेच सांगणारे ते नाव एका अर्थाने अधिक प्रामाणिक आहे.

माध्यमाचे आव्हान

हे चित्र जलरंगातील आहे. या विधानाचे महत्त्व बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. तैलरंगात रात्र रंगवताना चित्रकार प्रथम गडद पाया घालू शकतो आणि उजेड शेवटी, घट्ट रंगाने, त्यावर चढवू शकतो. चुकले तर खरवडता येते, वाळल्यावर पुन्हा रंगवता येते. पारदर्शक जलरंगाची रीत नेमकी उलट आहे. तेथे सर्वांत उजळ जागा म्हणजे कागदाचा मूळचा पांढरेपणा. तो पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. अंधार हा पातळ रंगाचे हात एकावर एक देऊन हळूहळू वाढवावा लागतो आणि प्रत्येक हात पुढील हाताची संधी थोडी कमी करतो. एकदा गडद झालेली जागा पुन्हा निर्मळ उजळ होत नाही. जास्त हात दिले तर रंग मळतो आणि अंधारातील खोली नाहीशी होते.

यामुळे जलरंगातील दीपप्रकाश ही जवळजवळ माध्यमाच्या स्वभावाविरुद्धची मागणी ठरते. जलरंग हे बहुधा मोकळ्या हवेतील निसर्गचित्राचे, आकाश, पाणी व ऊन यांचे माध्यम मानले जाते. त्यात मोठ्या आकाराची उभी आकृती, विस्तृत अंधार आणि मध्यभागी जपलेला उजेड साधणे यासाठी संपूर्ण चित्र आधी मनात पूर्ण असावे लागते. कोणती जागा कोरी राहणार हे पहिल्या हातापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. चित्रातील स्त्री वाऱ्यापासून ज्योत राखते. चित्रकार रंगापासून कागद राखतो. विषय आणि कृती यांची ही एकरूपता हे या चित्राचे खरे बलस्थान आहे. ती जाणीवपूर्वक साधली की कौशल्याच्या ओघात आली, हा प्रश्न गौण आहे. ती चित्रात आहे.

कर्तृत्वाचा गोंधळ

या पार्श्वभूमीवर रविवर्मा यांच्या नावाचा प्रश्न तपासता येतो. कालगणनेनुसार तो सहज निकालात निघतो : रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. गोंधळाची बाह्य कारणेही समजण्यासारखी आहेत. म्हैसूरच्या त्याच संग्रहालयात रविवर्मा यांची अनेक चित्रे आहेत. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना सुरू केल्यापासून साडीतील सुंदर स्त्रीचे छापील चित्र म्हणजे रविवर्मा, असे समीकरण घरोघरी दृढ झाले. परंतु ही कारणे पुरेशी नाहीत. दोन चित्रकारांच्या प्रकाशात जो मूलभूत भेद आहे, तो न जाणवल्याखेरीज असा गोंधळ टिकू शकत नाही.

रविवर्मा हे तैलरंगाचे चित्रकार. त्यांच्या पौराणिक चित्रांतील प्रकाश बहुधा रंगभूमीसारखा चौकटीबाहेरून येतो. पात्रांचे हावभाव, दागिने, वस्त्रांचा पोत यांना उठाव देणे, हे त्याचे काम. तो कथेची सेवा करतो. हळदणकरांच्या चित्रात कथा नाही, पुराण नाही, नायिकेला नावही नाही. तेथे प्रकाश हाच विषय आहे. म्हणजे प्रकाशाकडे पाहणाऱ्याला शंका आली असती. केवळ ‘सुंदर स्त्री’ पाहणाऱ्याला ती येत नाही.

येथे ला तूरचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. त्याचे नाव मृत्यूनंतर जवळजवळ विस्मृतीत गेले आणि त्याची चित्रे इतरांच्या नावावर नोंदली गेली. १९१५ मध्ये हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने चित्रांच्या शैलीचे परीक्षण करून त्याला पुन्हा उजेडात आणले. हळदणकरांच्या बाबतीत नाव हरवलेले नाही, पुरावा दुर्मीळ नाही, काळही दूरचा नाही. तरीही गोंधळ चालू राहतो. यावरून उणीव कागदपत्रांची नसून दृष्टीची आहे, हे स्पष्ट होते. मोठ्या नावाकडे सर्व श्रेय वाहत जाणे हा त्या उणिवेचा परिणाम आहे. त्यात केवळ एका चित्रकाराचे नुकसान नाही. मुंबईच्या कलाशाळेतून घडलेली जलरंगाची एक संपूर्ण शिक्षकपरंपरा त्यामुळे अदृश्य होते.

चित्राच्या मर्यादा

चित्राची थोरवी मान्य करताना त्याच्या मर्यादा झाकणे उचित नाही. पहिली मर्यादा आदर्शीकरणाची. चेहरा निर्दोष, भाव शांत, कष्टाची खूण कोठेही नाही. दिवा लावणाऱ्या स्त्रीचा दिवस जात्यापासून चुलीपर्यंत कसा गेला, याचा मागमूस चित्रात नाही. तेलाच्या दिव्याबरोबर येणारी काजळीही नाही. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. राइटच्या आणि गालेन-काल्लेलाच्या भट्टीने श्रम करणाऱ्या हातांना उजेडात आणले. मराठी वास्तववादी परंपरेने आपल्या सर्वाधिक लोकप्रिय दीपचित्रासाठी निवडली ती सुखवस्तू घरातील, स्थिर उभी असलेली स्त्री. १९४५-४६ च्या अस्वस्थ काळात रंगवलेल्या ‘आशे’त बाहेरच्या जगाचा एकही आवाज नाही, हा आक्षेप टाळता येत नाही.

तिसरी मर्यादा चित्राची नसून त्याच्या आस्वादाची आहे. संग्रहालयात दालन अंधारे करून हे चित्र दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यामुळे ज्योत जणू खरोखर जळत आहे, असा भास होतो आणि प्रेक्षक चकित होतो. परंतु आश्चर्य हे आस्वादाचे पहिले पाऊल असते, शेवटचे नव्हे. चमत्कार म्हणून पाहिलेले चित्र चित्र म्हणून पाहायचे राहून जाते.

स्थानिक संदर्भ आणि कलाशिक्षण

जालना जिल्ह्यातील शाळांमधून विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे त्यांतील विषय. नमुना समोर ठेवून छायाप्रकाशासह वस्तू रंगवण्याची ही शिस्त हळदणकर ज्या शिक्षणपद्धतीत घडले, तिच्याशी थेट नाते सांगते. म्हणजे ‘ग्लो ऑफ होप’ची परंपरा या जिल्ह्यातील वर्गांत शिकवली जाते, त्या परंपरेचे नाव मात्र घेतले जात नाही. तांब्या आणि फळे रंगवणाऱ्या विद्यार्थ्याला कागदाचा पांढरेपणा का राखायचा, हे या एका चित्राच्या आधारे समजावून देता येईल.

दुसरा संदर्भ जालन्याच्या उद्योगाचा आहे. लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठी हे शहर ओळखले जाते. तप्त लोखंडाच्या उजेडात काम करणारी माणसे येथील रोजच्या अनुभवाचा भाग आहेत. फिनिश चित्रकाराला भट्टीचा लोहार महाकाव्यात शोधावा लागला. येथील विद्यार्थ्याला तो शहराच्या वेशीवर भेटतो. हळदणकरांच्या चित्रातून शिकावयाची गोष्ट स्त्रीच्या हातातील दिव्याची नक्कल ही नव्हे. एका स्रोताचा प्रकाश कसा पसरतो, कोठे थांबतो आणि कोणाला उजळतो, हे निरखण्याची शिस्त शिकली तर तिचा उपयोग भट्टीपुढील घामेजल्या चेहऱ्यासाठीही करता येईल.

निष्कर्ष

१) ‘ग्लो ऑफ होप’मध्ये दीपप्रकाश हे साधन नसून तोच चित्राचा विषय आहे. झाकलेली ज्योत तिच्या परिणामांतून दाखवणे, हे या चित्राचे मुख्य वैशिष्ट्य होय.

२) जलरंगात उजेड राखावा लागतो आणि अंधार वाढवावा लागतो. त्यामुळे ज्योत जपण्याचा विषय आणि कागद जपण्याची कृती यांत आंतरिक संगती निर्माण झाली आहे.

३) चित्र रविवर्मा यांचे मानण्याची चूक ही प्रकाश व माध्यम यांकडे दुर्लक्ष करून केवळ विषय पाहण्याच्या सवयीचे फलित आहे.

४) आदर्शीकरण आणि श्रमजीवनाचा अभाव या चित्राच्या मर्यादा आहेत. त्या मान्य केल्यानेही त्याचे कलात्मक मोल कमी होत नाही.

५) महाविद्यालयीन व शालेय कलाशिक्षणात या चित्राचा परिचय चित्रकाराच्या नावासह आणि माध्यमाच्या चर्चेसह करून देणे आवश्यक आहे. घराघरांतील भिंतीवर हे चित्र आधीच पोहोचलेले आहे. त्याखाली योग्य नाव लिहिणे आणि ते नाव का योग्य आहे हे चित्रातच दाखवून देणे, एवढे काम शिक्षकांकडे उरते.